जिराफ, जीएसटी आणि आमचं पाळणाघर

पुण्यातल्या एका आजींना माझा बनियन खटकतो. या आजींना मी कधी भेटलेलो नाही. त्या मात्र मला रोज पाहतात, दुपारी साडेबारा ते अडीच, आमच्या बाहेरच्या खोलीत बसवलेल्या कॅमेऱ्यातून. त्यांचा नातू त्या वेळात आमच्याकडे झोपतो आणि आजी पुण्याहून त्याच्या झोपेवर पहारा देतात. एका दुपारी त्यांनी मुलीला फोन केला. मुलीने अंधेरीच्या ऑफिसातून एजन्सीला केला, एजन्सीने माझ्या बायकोला केला, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, शर्ट घाला! तुमची तक्रार आलीय!"

माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, माझ्या बनियनबद्दल माझी तक्रार माझ्यापर्यंत पोहोचायला चार माणसं आणि दोन जिल्हे लागले. एजन्सी म्हणजे काय असतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आम्ही राहतो मढला. नकाशात मढ मुंबईतच आहे, पण आम्ही मालाडला निघालो तरी "मुंबईला जाऊन येतो" असं सांगून निघतो. यायचं तर मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस धरा, नाहीतर वर्सोव्याहून बोट. बोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. तेच अंतर रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर, आणि पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे रस्त्याला पर्याय नाही. वर्सोवा-मढ पूल होणार आहे. पूल होणार ही बातमी आमच्या पाळणाघरातल्या सगळ्या पोरांपेक्षा वयाने मोठी आहे.

गावात धंदे मुख्य दोन: मासळी आणि शूटिंग. मासळीला दलाल लागतो. बंगला मालिकेला द्यायचा तर कोऑर्डिनेटर लागतो. त्या मालिकेत मागून चालत जायचं असेल तरी गर्दी पुरवणारा कुणीतरी असतो आणि तो चालण्यातला हिस्सा घेतो. एवढ्या मधल्या माणसांच्या गावात पोरं तेवढी आईच्या कडेवरून थेट मावशीच्या कडेवर जात होती. ही त्रुटी कुणाच्या तरी लक्षात येणारच होती.

तसं बघितलं तर पाळणाघर आम्ही कधी काढलंच नाही. शेजारची कोळीण एका पहाटे टोपली घेऊन दारात आली आणि "बाय, पोरीला जरा बघ गो, आलेच मी" म्हणून पोर बायकोच्या हातात देऊन बाजाराला गेली. ती 'आलेच' म्हणणारी बाई दुपारी जेवायच्या वेळेला आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तिची जाऊ तिचं पोर घेऊन आली. मग शूटिंगमधला एक मेकअपवाला आला, मग एक शिक्षिका. आमच्या दाराबाहेर चपला इतक्या लहान मापाच्या आणि इतक्या संख्येने दिसू लागल्या, की एका सेल्समनने मला "सर, होलसेल का?" असं विचारलं.

फीचा विषय निघायला बराच काळ गेला. बायकोला पैसे मागायचा संकोच आणि आईबापांना द्यायचा. शेवटी मी धीर केला आणि पुठ्ठ्यावर 'महिना रुपये २,५००' असं लिहून दाराला लावलं. मागच्या गल्लीतले एक गृहस्थ तो पुठ्ठा चष्मा काढून आणि घालून असा दोनदा वाचून म्हणाले, "वहिनी, अडीच हजार? अहो, पोरगं दिवसभर करतं काय, झोपतं तर!"

"मग घरी झोपवा," बायको म्हणाली.

"घरी झोपत नाही ना."

हे गृहस्थ लक्षात ठेवा. ते पुढे परत येणार आहेत.

बाकीच्यांनी फी मान्य केली. मान्य करणं आणि देणं या दोन क्रियांमध्ये किती दिवस जातात, यावर मी आता व्याख्यान देऊ शकतो. पहिल्या तारखेला सगळ्यांचा पगार व्हायचा असतो, पाचला हप्ता गेलेला असतो, दहाला "काकू, उद्या नक्की" आणि वीसला "आता एकदम पुढच्या महिन्याचे मिळूनच देते." कोळणींचा व्यवहार यापेक्षा सरळ होता. त्या मासे द्यायच्या. डोलीच्या जाळ्याला बोंबील चांगला लागला की आमचं उत्पन्न वाढायचं. फक्त ते बँकेत भरता यायचं नाही आणि फ्रीजमध्ये मावायचं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै सरकारचाच नियम, त्यामुळे आमची आवक शून्य. मला वाटलं, निदान या दोन महिन्यांत होड्या काठावर आहेत, बाप घरी आहेत, तर पोरं कमी येतील. उलट वाढली. शेजारीण म्हणाली, "नवरा दिवसभर घरात हाय, त्याला सांभाळू का पोरीला?"

आणि न्यायची वेळ? ठरलेली सहाची. "पाच मिनिटांत पोचतेय" हे वाक्य बोटीत बसायच्या आधी बोलायचं असतं, असा वर्सोव्याच्या काठावर काही नियम असावा. साडेसातला आई यायची आणि आल्या आल्या विचारायची, "जेवला का?" जेवला असं सांगितलं की चेहऱ्यावर जो आनंद उमटायचा, त्यावरून एक संध्याकाळचा स्वयंपाक वाचल्याचं आम्हाला कळायचं.

अशा टेकीला आलेल्या काळात एजन्सी आली.

ती का आली हे मला तिच्या माणसानेच सांगितलं. १९४८च्या कारखाना कायद्यातही पाळणाघराचं कलम होतं, पण ते कारखान्यातल्या बायकांपुरतं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं भाग पडलं. आता पन्नास माणसांची कंपनी अंधेरीत एक मजला भाड्याने घेऊन बसलेली. तिथे मीटिंगला खोली मिळत नाही, पाळण्याला कुठून मिळणार? मग कंपनी एजन्सीला गाठते, एजन्सी आमच्यासारख्यांना गाठते, आणि कंपनीच्या फायलीत 'टाय-अप' म्हणून एक कागद लागतो. आमच्या बायकोकडे प्रेम, अनुभव, वरणभात सगळं होतं. जीएसटीचं बिल तेवढं नव्हतं. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती.

त्याच दुरुस्तीने आणखी एक सोय दिली: आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला भेटता येतं. कल्पना थोर आहे. आमच्याकडे एक बाळ ठेवणारी मुलगी बीकेसीत कामाला. मी तिचा हिशेब मांडला. रिक्षा, मेट्रो, परत रिक्षा, वर्सोव्याची बोट, मग जेट्टीवरून आमचं घर. हे चारदा यायचं आणि चारदा जायचं. कायद्याने दिलेला हक्क तिने पूर्ण बजावला असता तर ती नोकरीला बोटीवरच लागली असती.

एजन्सीचा तपासनीस तरुण आणि इस्त्रीदार होता. २७१मध्ये उभ्याने आल्यामुळे दारात पोहोचेपर्यंत इस्त्री गेलेली होती. हातात टॅब्लेट, त्यात प्रश्न.

"सर, हा ओडर कसला?"

"बोंबील. समोर वलांडीवर वाळताहेत."

"कंट्रोल करता येईल?"

"पावसाळ्यापर्यंत नाही."

त्याने लिहिलं: 'एक्स्टर्नल, नॅचरल.'

"फायर एक्झिट?"

"हा दरवाजा."

"आणि दुसरा?"

"दुसरा हाच, बाहेरून."

मग तो बायकोकडे वळला. "मॅडम, एक्स्पीरिअन्स?" बायकोने सांगितलं: दोन मुलं आपली, नणंदेची एक इथेच वाढली, सासूबाई शेवटची वर्षं अंथरुणावर होत्या, आणि गल्लीतली अर्धी पोरं. तो थांबला. "सर्टिफिकेट?" ते नव्हतं. रकाना एकच होता, त्यात त्याने 'फ्रेशर' निवडलं. एजन्सीतर्फे बायकोला मोबाइलवर एक कोर्स करावा लागला. त्यात एक बाई बाहुलीला खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढायचा ते दाखवायची. आमच्या नेटवर्कमुळे व्हिडिओ सारखा अडकायचा. तो गोल फिरत असतानाच बायकोच्या खांद्यावरच्या खऱ्या बाळाने ढेकर दिला, आणि ती परीक्षेत पास व्हायच्या आधी प्रात्यक्षिकात पास झाली.

मलाही पद मिळालं. आजवर मी 'अहो' होतो. आता 'फॅसिलिटी सपोर्ट एक्झिक्युटिव्ह' झालो. काम तेच, दूध आणणं आणि पाट उचलणं. ओळखपत्र मात्र गळ्यात अडकवावं लागलं. त्याच्या फितीला लोंबकळून एका दीड वर्षाच्या मुलाने माझा जवळजवळ निकाल लावला. त्यानंतर ओळखपत्र खिळ्याला अडकलं आणि मी बनियनवर आलो, ज्याची पुढची कथा आजींना ठाऊक आहे.

भिंतीवर एजन्सीचं बोधचिन्ह रंगवायचं होतं: जिराफ. आमच्या खोलीची उंची एवढी की पंख्याखालून जाताना मी मान लववतो. रंगाऱ्याने पाय, पोट, गळा असं रंगवत नेलं आणि माळ्याच्या फळीला अडल्यावर विचारलं, "काका, मुंडी?" मी म्हटलं, वळव. तेव्हापासून आमचा जिराफ मान मोडून शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघतो. मुलं त्याला घोडा म्हणतात.

मग किट आलं. किटची किंमत आमच्या हिशेबातून कापली जाते, म्हणून मी फार उत्सुकतेने खोका उघडला. त्या महिन्याचा विषय होता 'समुद्रकिनारा'. आत प्लास्टिकचे शंख, प्लास्टिकचे शिंपले, प्लास्टिकचा खेकडा आणि सीलबंद पिशवीत निर्जंतुक वाळू. मढला! ज्या घरात रोज दोनदा केर काढून वाळू बाहेर टाकतात, तिथे विकतची वाळू आत आली. शेजारच्या कोळणीच्या तीन वर्षांच्या पोरीने तो खेकडा उचलला, उलटा केला, पोट दाबून पाहिलं आणि "पोकळ हाय" म्हणून टाकून दिला. बाजारातला माल पारखायची ती पद्धत तिने आईकडून घेतली होती. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की निसर्गातल्या वस्तू हाताळत शिकणं ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, खडे आणि शंखशिंपले घेऊनच पोरांना शिकवलं. बोर्डीसुद्धा समुद्रकाठचंच. पण त्यांचे शिंपले फुकटातले, त्यामुळे ते आंतरराष्ट्रीय होऊ शकले नाहीत.

सगळ्यात मोठं काम अ‍ॅपचं. प्रत्येक मुलाचं खाणं, झोप, शू, शी आणि 'मूड' दिवसभर त्यात भरायचा, शिवाय हसरे फोटो. बायको म्हणाली, "मी पोरं बघू की मोबाइल?" म्हणून ते माझ्याकडे आलं. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस मी. आवकजावक नोंदीत मला कुणी हरवू शकत नाही. पण शी झाल्यावर रंगाच्या सात छटांतून एक निवडायची असते, हे आमच्या खात्यात नव्हतं. दुपारी मुलं झोपायची आणि त्यांच्या झोपेची नोंद होताच आयांचे फोन सुरू व्हायचे.

"काका, तो डाव्या कुशीवर का झोपलाय?"

"त्याला विचारून सांगतो."

"नको, उठवू नका! फक्त उजवीकडे करा."

उजवीकडे केला की तो उठायचा. तो उठला की बाकीचे उठायचे. मग मी 'मूड' या रकान्यात सगळ्यांचा एकदम 'उत्साही' असं भरायचो. माझ्या मूडला रकाना नव्हता.

दर आठवड्याला 'निरीक्षण अहवाल'ही लिहायचा. आमच्याकडची पोरं दोनच खेळ खेळतात. एक लिलाव: चप्पल, चेंडू, कधी एखादं रांगतं बाळ मधे ठेवून भोवती ओरडत बोली लावायची. दुसरा शूटिंग: एक जण "अ‍ॅक्शन" म्हणतो, बाकीचे रडतात, तो "कट" म्हणतो, सगळे गप्प. हा "कट" बायकोने आत्मसात केला आणि तिचं निम्मं काम हलकं झालं. अहवालात मी लिहिलं, 'मुलगा इतरांना रडायला लावतो.' एजन्सीने ते दुरुस्त करून पालकांना पाठवलं: 'उत्तम नेतृत्वगुण.' वडील दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले.

आणि आता ते मागच्या गल्लीतले गृहस्थ. त्यांच्या सौभाग्यवती ज्या कंपनीत, तिने याच एजन्सीशी करार केला. एका सकाळी ते हातात मोबाइल धरून, नकाशातल्या निळ्या टिंबामागून आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, इथे ते प्रीमियम सेंटर कुठे आलं हो?"

"हेच."

"छे, ते वेगळं. त्याला फोर पॉइंट सिक्स रेटिंग आहे."

मी त्यांना जिराफ दाखवला. त्यांनी मोबाइलमधला जिराफ आणि भिंतीवरचा जिराफ मानेपर्यंत ताडून पाहिला आणि मुलगा आत सोडला. एजन्सीचा दर महिना ७,०००. निम्मे कंपनी भरते, निम्मे यांचे. म्हणजे अडीच हजार ज्यांना लूट वाटली होती, ते आता साडेतीन हजार भरत होते, तेही पहिल्या तारखेला, खात्यातून आपोआप, हूं की चूं न करता. पोरगं झोपतंच तर, हा मुद्दा या वेळी निघाला नाही. उलट जाताना म्हणाले, "सिस्टिम चांगली आहे हो. तुमचं आधीचं जरा घरगुती होतं."

७,००० ऐकून तुमचे डोळे विस्फारले असतील, आमचेही विस्फारले होते. त्यातले ३० टक्के, म्हणजे २,१००, एजन्सीचं कमिशन. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ३७८. किटचे ७००. अ‍ॅपचे २५०, म्हणजे शीची छटा निवडायचे पैसे मीच भरत होतो. उरले ३,५७२. तेही पंचेचाळीस दिवसांनी. मी एजन्सीला फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, "सर, पेमेंट सायकल असते." शेजारणीला हे सांगितलं तर ती टोपली खाली ठेवून हसली. मासळीचा दलालही बदनाम माणूस, पण पैशासाठी दीड महिना थांबवतो असं तिने ऐकलं नव्हतं.

तरी एजन्सीचे उपकार नाकारू नयेत. सहा म्हणजे सहा हे तिने शिकवलं. उशिरा येणाऱ्याला पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड, अ‍ॅपमधून, बायकोला तोंड उघडावं न लागता. जी माणसं आमच्या बायकोच्या दुखऱ्या पाठीसाठी कधी धावली नाहीत, ती शंभर रुपयांसाठी जेट्टीवरून पळत यायला लागली. मी खिडकीतून बघायचो. एवढं सुख मला फॅसिलिटी सपोर्टमध्ये दुसरं मिळालं नाही.

करार संपला तो पावसाच्या तोंडावर. बोट बंद होणार होती आणि तपासनिसाला पुन्हा २७१मध्ये उभ्याने यायचं नव्हतं. नूतनीकरणाच्या कागदावर नवीन अट होती: एअर कंडिशनर. बायकोने कागद घडी करून डब्याखाली घातला आणि म्हणाली, "आपलं आपण बघू." कॅमेरा गेला. किट बंद झालं. पुण्याच्या आजींनी मुलीमार्फत विचारणा केली, की ते काका आता काय घालतात. त्यांना करमत नव्हतं.

पालक मात्र एकही गेला नाही. गृहस्थही नाहीत. आम्ही दर ठेवला ३,५००. आईबाप खूश, कारण खिशातून जाणारी रक्कम तीच राहिली. आम्ही खूश, कारण हातात जवळजवळ तेवढेच पडणार, आणि दीड महिना न थांबता. निदान कागदावर तसं दिसत होतं. पहिली तारीख आली आणि गेली. पाच आली. दहाला त्या गृहस्थांना मी गल्लीत गाठलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने, आणि म्हणाले, "देतो हो! आता काय, मधे कुणी नाही, आपलं घरचंच आहे!" त्या संध्याकाळी त्यांची सौभाग्यवती पावणेआठला आली. आल्या आल्या तिने विचारलं, "काकू, जेवला का?"

सध्या बायको सांगतेय, की पुन्हा एजन्सी आणायची गरज नाही. मी एक वेगळा मोबाइल नंबर घ्यावा आणि आवाज बदलून महिन्याला सगळ्यांना फोन करावेत. मी तालीम करतोय. "सर, पेमेंट सायकल असते" हे वाक्य आता बरं जमतं.

तोवर तुमच्यापैकी कुणाचं मूल अशा एखाद्या घरी, एखाद्या मावशीकडे वाढत असेल, तर कृपा करून आजची तारीख बघा. पाचच्या पुढे गेली असेल तर हे वाचणं सोडून आधी पैसे पाठवा. सहाची वेळ दिली असेल तर सहाला जा. मूल जेवलंय, विचारू नका. आणि वाटेत चांगलं पापलेट मिळालं तर अवश्य घेऊन जा. फक्त ते फीमध्ये धरलं जाणार नाही.